वृंदातली जागा : डॉक्टरांच्या वाद्यवृंदांविषयी

मराठीत 'ऑर्केस्ट्रा' म्हटले की डोळ्यांसमोर येतो तो गणेशोत्सवाच्या मांडवातला किंवा नाट्यगृहातला चित्रपटगीतांचा कार्यक्रम. गायक पुढे, निवेदक बाजूला, वादक मागे. शब्द युरोपातून आला, पण इथे रुळताना त्याचा अर्थ पालटला. युरोपात त्या शब्दाने ओळखली जाणारी गोष्ट वेगळी आहे. पन्नास ते शंभर वादक अर्धवर्तुळात बसतात, प्रत्येकापुढे लिहिलेली स्वरलिपी असते, सर्वांचे लक्ष संचालकाच्या हातांकडे असते आणि एकट्याने वाजवावे असे त्यांतल्या बहुतेकांच्या वाट्याला फारच थोडे येते. या अर्थासाठी आपल्याकडे 'वाद्यवृंद' हा शब्द आहे आणि तो अधिक समर्पक आहे. 'वृंद' म्हणजे समुदाय. वृंदवादन आणि वृंदगान ही दोन्ही त्यात सामावतात आणि भर वाद्यांपेक्षा माणसांच्या एकत्र येण्यावर राहतो.

प्रस्तुत लेखाचा विषय अशा वृंदांतला एक विशिष्ट प्रकार आहे : डॉक्टर, वैद्यकीय विद्यार्थी आणि रुग्णालयांतील इतर मंडळी यांनी एकत्र येऊन चालवलेले हौशी वाद्यवृंद. हा प्रकार वाटतो तितका दुर्मीळ नाही. न्यूयॉर्कमधील डॉक्टरांचा वाद्यवृंद १९३८ साली स्थापन झाला, लॉस एंजेलिसमधील १९५३ साली. बॉस्टनच्या रुग्णालयांच्या परिसरात १९८२ साली लाँगवूड सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा राहिला. युरोपियन डॉक्टर्स ऑर्केस्ट्रा २००४ सालचा, तर जगभरच्या डॉक्टरांना एकत्र आणणारा वर्ल्ड डॉक्टर्स ऑर्केस्ट्रा २००७ सालचा. वकिलांचे किंवा अभियंत्यांचे वाद्यवृंद नसतात असे नाही, पण वैद्यक आणि वृंदवादन यांचे नाते विशेष चिवट आहे.

या नात्याचे नेहमी दिले जाणारे स्पष्टीकरण म्हणजे विरंगुळा. डॉक्टरांचे काम ताणाचे असते, म्हणून ते संगीताकडे वळतात. दुसरे स्पष्टीकरण हाताच्या कसबाचे : शस्त्रक्रिया करणारी बोटे व्हायोलिनवरही चालतात. दोन्हींत तथ्य आहे, पण दोन्ही अपुरी आहेत. विरंगुळा एकट्यानेही होतो आणि बोटांच्या कसबाला साठ सोबत्यांची गरज नसते. प्रश्न संगीताकडे का वळतात हा नसून वृंद का करतात हा आहे. आणि वृंद म्हटला की लगेच पुढचा प्रश्न उभा राहतो, तो म्हणजे त्यात बसायला जागा कोणाला मिळते? गेल्या दीडशे वर्षांतल्या तीन वैद्यांच्या चरित्रांतून हा प्रश्न तपासून पाहता येईल.

*

पहिला अलेक्सांद्र बोरोदिन (१८३३–१८८७). संगीताच्या इतिहासात तो 'प्रिन्स इगोर' या ऑपेराचा आणि दोन पूर्ण सिंफनींचा रचनाकार म्हणून ओळखला जातो, रसायनशास्त्राच्या इतिहासात आल्डिहाइडांच्या अभ्यासासाठी. १८७२ साली त्याने नोंदवलेली आल्डॉल अभिक्रिया आजही कार्बनी रसायनाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला शिकावी लागते. जन्माने तो एका जॉर्जियन सरदाराचा अनौरस मुलगा. कागदोपत्री मात्र त्याची नोंद त्याच सरदाराच्या एका भूदासाचा मुलगा म्हणून झाली होती. अशा मुलाला उच्च शिक्षणाचे दार सहजी उघडणारे नव्हते. १८५० साली तो सेंट पीटर्सबर्गच्या मेडिको-सर्जिकल अकादमीत दाखल झाला तो आईच्या खटपटीमुळे. पुढे १८६४ साली तो तिथेच रसायनशास्त्राचा प्राध्यापक झाला आणि अखेरपर्यंत अकादमीच्याच इमारतीतल्या घरात राहिला.

विद्यार्थिदशेत हा तरुण आपला चेलो घेऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला चतुष्कवादनाच्या बैठकींना पायी जात असे. त्याचे गुरू झिनिन यांना हे पसंत नव्हते. गाणी रचण्यात वेळ दवडू नकोस, दोन ससे एकदम पकडता येत नाहीत, असे त्यांनी त्याला भर वर्गात सुनावल्याचे प्रसिद्ध आहे. १८५६ च्या शरद ऋतूत लष्करी रुग्णालयात पाळीवर असताना त्याची गाठ पहाऱ्यावर आलेल्या एका सतरा वर्षांच्या लष्करी अधिकाऱ्याशी पडली. हा अधिकारी म्हणजे मुसोर्गस्की. रशियन संगीताला वळण देणारे दोन जण पहिल्यांदा भेटले ते रुग्णालयाच्या पाळीच्या खोलीत.

बोरोदिनविषयी संगीतसमीक्षकांची एक जुनी तक्रार आहे. त्याने 'प्रिन्स इगोर'चे काम १८६९ साली हाती घेतले आणि अठरा वर्षांनी तो वारला तेव्हा ऑपेरा अपुराच होता. रिम्स्की-कोर्साकोव आणि ग्लाझुनोव यांनी तो पूर्ण केला आणि १८९० साली तो रंगमंचावर आला. या दिरंगाईबद्दलची हळहळ रिम्स्की-कोर्साकोवच्या आठवणींत जागोजाग आहे. बोरोदिनच्या घरी केव्हाही जावे तर घर नातेवाइकांनी आणि पाहुण्यांनी भरलेले, मांजरे जेवणाच्या टेबलावर, आणि यजमान समित्यांच्या बैठकींतून थकून आलेला किंवा प्रयोगशाळेकडे धावणारा. १८७९ साली या ऑपेरातील नृत्यांचा कार्यक्रम ठरला तेव्हा वाद्यलेखन अपुरे होते. मग रिम्स्की-कोर्साकोव आणि ल्यादोव हे दोघे मदतीला बसले. पेन्सिलीने लिहिलेली पाने पुसू नयेत म्हणून बोरोदिनने त्यांना जिलेटिनचा लेप दिला आणि धुतलेल्या कपड्यांसारखी ती दोरीवर वाळत घातली.

स्वतः बोरोदिनने या तक्रारीला दिलेले उत्तर विचार करण्यासारखे आहे. १८७६ सालच्या एका पत्रात त्याने लिहिले की, इतरांसाठी संगीतरचना हे कर्तव्य आणि जीवितकार्य असते, त्याच्यासाठी मात्र ती विसावा आहे. अकादमी, विज्ञान आणि विद्यार्थी यांच्यावर त्याचे प्रेम होते. हिवाळ्यात त्याला रचनेसाठी सवड मिळे ती आजारी पडल्यावर. म्हणून संगीतातले मित्र त्याला प्रकृती सांभाळ म्हणण्याऐवजी आजारी पड असे म्हणत.

यातला विनोद बाजूला ठेवला तरी मूल्यविचाराचा एक प्रश्न उरतो. आपण साहित्याचे अभ्यासक निर्मात्याचे मोजमाप कृतींवरून करतो. कृती अपुरी राहिली तर आयुष्याचा काही भाग वाया गेला असे मानतो. पण ज्या कामांत बोरोदिनचा वेळ गेला ती कामे कोणती होती? त्यांतले एक म्हणजे अकादमीतील विद्यार्थ्यांचा गायकवृंद आणि वाद्यवृंद. त्यांची उभारणी त्याने केली आणि संचालनही केले. दुसरे आणि त्याहून मोठे काम म्हणजे स्त्रियांसाठीचे वैद्यकीय अभ्यासक्रम.

१८६० च्या दशकात रशियन स्त्रियांना अकादमीच्या वर्गांत बसण्याची जी थोडीफार मुभा होती ती १८६४ साली काढून घेण्यात आली. नादेझ्दा सुस्लोवा हिला पदवीसाठी झ्युरिचला जावे लागले आणि ती पदवी तिने १८६७ साली मिळवली. १८७२ साली अकादमीत स्त्रियांसाठी अभ्यासक्रम सुरू झाला. बाहेरून विरोध कमी व्हावा म्हणून त्याचे नाव सुईणींच्या शिक्षणाशी जोडले होते, शिक्षण मात्र वैद्यकाचे होते. बोरोदिन त्याच्या संस्थापकांपैकी एक होता. तिथे तो रसायनशास्त्र शिकवत असे. गरीब विद्यार्थिनींसाठी निधी उभा करणे, त्यासाठी जलसे आणि कार्यक्रम भरवणे यांत त्याच्या कित्येक संध्याकाळी गेल्या. १८७७–७८ च्या रशिया–तुर्कस्तान युद्धात या विद्यार्थिनींनी जखमींची सेवा केली. तरीही १८८२ साली नवे प्रवेश बंद करण्याचा हुकूम निघाला आणि १८८५ साली स्त्रियांची रसायनाची प्रयोगशाळा मोडण्यात आली. बोरोदिन शेवटपर्यंत या निर्णयाविरुद्ध झगडत राहिला.

२७ फेब्रुवारी १८८७ रोजी (जुन्या रशियन पंचांगाप्रमाणे १५ फेब्रुवारीला) अकादमीतल्याच एका वेशभूषा-नृत्याच्या संध्याकाळी, आप्त आणि सहकारी यांच्या घोळक्यात बोलता बोलता तो कोसळला आणि गतप्राण झाला. ती संध्याकाळ भरवण्यातही त्याचाच पुढाकार होता. या तारखेपाशी मराठी वाचक क्षणभर थबकेल. आदल्याच दिवशी, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, पुण्यात डॉ. आनंदीबाई जोशी यांचे निधन झाले. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून १८८६ साली पदवी घेतलेल्या आनंदीबाईंचे वय तेव्हा बावीसही पूर्ण नव्हते. या दोघांना एकमेकांचे नाव ठाऊक असण्याचा संभव नाही आणि योगायोगातून काही सिद्ध होत नाही. पण दोन टोकांच्या दोन शहरांत एकच दार ठोठावले जात होते, एवढे त्यावरून लक्षात येते. पीटर्सबर्गमधले ते दार पुन्हा उघडायला १८९७ साल उजाडावे लागले.

बोरोदिनच्या स्मरणार्थ स्त्री-डॉक्टरांनी रुप्याची स्मृतिपट्टिका अर्पण केली. तिच्यावर त्याचा उल्लेख स्त्रियांच्या वैद्यकीय अभ्यासक्रमांचा संस्थापक, रक्षक आणि विद्यार्थ्यांचा मित्र असा आहे. अर्पण करणाऱ्या होत्या १८७२ ते १८८७ या काळातल्या दहा तुकड्या. 'प्रिन्स इगोर'चा अपुरेपणा मोजताना या दहा तुकड्याही हिशेबात धराव्या लागतात.

*

दुसरा वैद्य थिओडोर बिलरोथ (१८२९–१८९४). बोरोदिनचा समकालीन आणि वैद्यकात त्याच्याहून कितीतरी मोठे नाव. २९ जानेवारी १८८१ रोजी व्हिएन्नात त्याने जठराचा कर्करोगग्रस्त भाग काढून टाकण्याची शस्त्रक्रिया प्रथमच यशस्वी केली. 'बिलरोथ-१' आणि 'बिलरोथ-२' ही नावे शल्यक्रियेच्या पाठ्यपुस्तकांत आजही आहेत. झ्युरिचमध्ये प्राध्यापक असताना तो वर्तमानपत्रात संगीतसमीक्षा लिहीत असे. तिथेच त्याची ब्राम्सशी मैत्री झाली आणि १८६७ साली तो व्हिएन्नाला आल्यावर ती अधिक दृढ झाली. तो पियानो आणि व्हायोला वाजवत असे. त्याच्या घरी चतुष्कवादनाच्या बैठकी होत आणि ब्राम्सच्या कित्येक नव्या रचना प्रथम त्या घरातल्या निवडक श्रोत्यांच्या कानी पडत. ब्राम्सने १८७३ साली प्रसिद्ध केलेली आपली पहिली दोन तंतुवाद्य-चतुष्के बिलरोथला अर्पण केली आहेत.

बिलरोथने आयुष्याच्या उत्तरार्धात संगीताच्या शरीरक्रियात्मक आणि मानसिक बाजूंवर एक पुस्तक लिहायला घेतले होते. ते अपुरे राहिले आणि त्याच्या मृत्यूनंतर समीक्षक हान्सलिकने प्रसिद्ध केले. त्याच्या शीर्षकाचा मराठीत अर्थ होईल 'संगीताची जाण कोणाला?'. प्रश्न सौंदर्यशास्त्राचा आहे आणि बिलरोथने तो वैज्ञानिकाच्या कुतूहलाने हाताळला आहे.

पण याच माणसाने वीस वर्षे आधी आणखी एक 'कोणाला?' विचारला होता. वैद्यकाच्या अध्यापनावरील त्याचा मोठा ग्रंथ १८७६ साल घालून निघाला. गॅलिशिया आणि हंगेरीतून येणाऱ्या गरीब ज्यू विद्यार्थ्यांविषयी त्यात त्याने तुच्छतेने लिहिले, ते या शिक्षणाला अपात्र आहेत असे सुचवले आणि ज्यू कितीही शिकला तरी जर्मन होऊ शकत नाही असा अभिप्राय नोंदवला. लिहिणारा सामान्य माणूस नव्हता. व्हिएन्नाच्या विद्यापीठात जर्मन राष्ट्रवादी विद्यार्थ्यांनी ज्यू सहाध्यायांविरुद्ध दंगा केला आणि बिलरोथचे नाव त्यांच्या हाती एक हत्यार म्हणून आले. पुढे त्याचे मत पालटले आणि १८९० च्या दशकाच्या आरंभी ज्यूद्वेषाचा प्रतिकार करणाऱ्या संघटनेत तो सामील झाला, हेही नोंदवले पाहिजे. पण छापलेला मजकूर मागे घेता येत नाही.

संगीत माणसाला उदार करते, ही आपली लाडकी समजूत आहे. बिलरोथचे उदाहरण तिला धक्का देते. चार जणांनी एकमेकांचे ऐकत वाजवायचे, या शिस्तीत तो आयुष्यभर मुरलेला होता. तरीही वर्गाच्या दाराशी उभ्या असलेल्या मुलाचे त्याला ऐकू आले नाही. बोरोदिन आणि बिलरोथ यांच्यातला फरक संगीताच्या जाणकारीचा नव्हे. बिलरोथच्या बैठकीत निवडलेल्यांनाच जागा होती. बोरोदिनने आपला वेळ विद्यार्थ्यांच्या वृंदाला दिला आणि त्या वृंदाइतकाच वर्गात आणखी खुर्च्या मांडण्याच्या खटाटोपाला दिला.

*

तिसरे नाव त्या मानाने अपरिचित आहे. कुर्ट झिंगर (१८८५–१९४४) हा बर्लिनमधला ज्यू मज्जाविकारतज्ज्ञ, संगीतसमीक्षक आणि संचालक. १९१३ साली त्याने बर्लिनच्या डॉक्टरांचा गायकवृंद स्थापन केला आणि अनेक वर्षे त्याचे संचालन केले. दिवसा रुग्ण तपासणारे डॉक्टर संध्याकाळी तालमीला जमत. हा वाद्यांचा नसून गळ्यांचा वृंद होता, पण त्यामागची कल्पना तीच. १९२६ साली झिंगरने संगीतकारांच्या व्यवसायजन्य आजारांवर पुस्तक लिहिले. वादकांचे दुखणारे हात आणि रंगमंचावरची धास्ती यांकडे वैद्यकाच्या नजरेने पाहणाऱ्या सुरुवातीच्या ग्रंथांत त्याची गणना होते. १९२० च्या दशकाअखेरीस तो बर्लिनच्या महापालिकेच्या ऑपेरागृहाच्या व्यवस्थापनातही होता.

१९३३ च्या एप्रिलमध्ये नाझी सरकारने कायदा करून ज्यूंना सरकारी सेवेतून काढायला सुरुवात केली. नाट्यगृहे, ऑपेरागृहे आणि वाद्यवृंद यांतून शेकडो कलावंत बाहेर पडले. त्याच वर्षी झिंगरने ज्यू सांस्कृतिक संघ उभा केला. या संघात कलावंत ज्यू, प्रेक्षक ज्यू आणि प्रत्येक कार्यक्रमाला सरकारची पूर्वपरवानगी आवश्यक. १ ऑक्टोबर १९३३ रोजी पहिला प्रयोग झाला तो लेसिंगच्या 'नाथान देर वायझे'चा, म्हणजे धर्माधर्मांतल्या सहिष्णुतेचा पुरस्कार करणाऱ्या अठराव्या शतकातल्या जर्मन नाटकाचा. पुढे परवानग्या आक्रसत गेल्या. आधी शिलर वर्ज्य झाला, मग बेथोव्हेन, आणि १९३८ मध्ये ऑस्ट्रिया गिळंकृत केल्यानंतर मोझार्टही. ज्या संगीतावर हे लोक वाढले ते वाजवण्याचा हक्कच त्यांच्याकडून काढून घेण्यात आला.

या संघाविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. कलावंतांना पोटापाण्याचे साधन आणि प्रेक्षकांना धीर मिळाला, असे एक मत. ज्यूंची कशी छान सोय केली आहे हे जगाला दाखवायला नाझींना तो उपयोगी पडला आणि देश सोडून जाण्याची घाई त्यामुळे काहींना जाणवली नाही, असे दुसरे. दोन्ही एकाच वेळी खरी असू शकतात. वृंदाने माणसे एकत्र राहतात, ही झिंगरची श्रद्धा. तिचीच ही दुखरी बाजू.

१९३८ हे वर्ष वैद्यकाच्या इतिहासातही काळे आहे. व्हिएन्नाच्या वैद्यकीय विद्याशाखेतून निम्म्याहून अधिक अध्यापकांना हाकलण्यात आले. बिलरोथने जिथे शिकवले तीच ही विद्याशाखा. त्याच वर्षी ३० सप्टेंबरपासून जर्मनीतील ज्यू डॉक्टरांचे परवाने रद्द झाले. नोव्हेंबरात प्रार्थनास्थळे जाळली गेली तेव्हा झिंगर अमेरिकेत होता. तिथे राहण्याऐवजी तो आपल्या माणसांकडे परत निघाला. बर्लिनला जाऊ नकोस असे मित्रांनी विनवल्यावर तो नेदरलँड्समध्ये थांबला. तिथून १९४३ साली त्याला तेरेझिनच्या छावणीत नेण्यात आले आणि फेब्रुवारी १९४४ मध्ये तो तिथेच मरण पावला.

*

युद्धोत्तर काळातल्या वैद्यकीय वाद्यवृंदांकडे या पार्श्वभूमीवर पाहिले तर त्यांचे साधेपण अधिक मोलाचे वाटते. बॉस्टनच्या लाँगवूड वृंदात डॉक्टर, विद्यार्थी, परिचारिका आणि संशोधक शेजारी शेजारी बसतात. १९९१ पासून हा वृंद आपले कार्यक्रम आरोग्यक्षेत्रातल्या सेवाभावी संस्थांच्या मदतीसाठी करत आला आहे. बोरोदिनला ही पद्धत ओळखीची वाटली असती. वर्ल्ड डॉक्टर्स ऑर्केस्ट्राची स्थापना श्टेफान विलिश या डॉक्टर-संचालकाने २००७ साली बर्लिनमध्ये केली. ज्या शहरात डॉक्टरांच्या वृंदाच्या संस्थापकाला राहणे अशक्य झाले, त्याच शहरात देशोदेशींच्या डॉक्टरांचा वृंद सुरू झाला.

रुग्णालयात उतरंड काटेकोर असते आणि तिला कारणही असते. शस्त्रक्रियेच्या टेबलाशी मतदान घेता येत नाही. उतरंड वाद्यवृंदातही आहे. पहिल्या खुर्चीवरचा व्हायोलिनवादक आणि शेवटच्या रांगेतला यांचे स्थान सारखे नसते. मात्र ही दुसरी उतरंड पहिलीपेक्षा वेगळ्या निकषावर उभी असते. विभागप्रमुख मागच्या रांगेत आणि दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी पहिल्या खुर्चीवर, असे इथे घडू शकते. प्रमुखांचा सूर चुकला तर तो सर्वांना ऐकू येतो. आठवड्यातून दोन तास आपल्या अधिकाराची झूल उतरवून दुसऱ्याच्या इशाऱ्याने चालण्याची ही सवय वैद्यकाला उपयोगी आहे. ती पुरेशी नाही, हे बिलरोथने दाखवून दिलेच आहे.

आपल्याकडे वैद्यकीय महाविद्यालयांतून असे वाद्यवृंद रुजले नाहीत. रागसंगीताची घडण मुख्यतः एका गायक-वादकाभोवती झाली, हे त्याचे एक कारण असावे. पण वृंदाची भूक आपल्याकडच्या वैद्यांना नव्हती असे म्हणता येणार नाही. ती नाटकाकडे वळली. डॉ. श्रीराम लागू, डॉ. जब्बार पटेल आणि डॉ. मोहन आगाशे हे तिघेही पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयाचे विद्यार्थी. कान-नाक-घसा, बालरोग आणि मनोविकार अशा तीन शाखांतून आलेले हे तिघे मराठी रंगभूमीवर आपली मुद्रा उमटवून गेले. १९७२ साली पटेलांनी दिग्दर्शित केलेल्या आणि आगाशेंनी नाना रंगवलेल्या 'घाशीराम कोतवाल'मध्ये ब्राह्मणांची गाती-नाचती रांग कधी पडदा होते, कधी भिंत, कधी जमाव. तो एक वृंदच आहे. आणि विषयही असा की कोणाला आत घ्यायचे व कोणाला बाहेर ठेवायचे, हे ठरवणारी ही रांग किती सुरेल असू शकते हे त्यात दिसते. तेंडुलकरांच्या संहितेला भास्कर चंदावरकरांचे संगीत मिळाले आणि रांगेचा गोडवाच भयावह झाला.

'हौशी' हा शब्द आपण 'अर्धाकच्चा' या अर्थाने वापरतो. फक्त 'हौशी रंगभूमी' म्हणताना त्याला प्रतिष्ठा येते, कारण तिथे हौस म्हणजे पदरमोड करून, पाळी संपल्यावर, इतरांसोबत केलेले काम असते. वैद्यकीय वाद्यवृंदांची हौस याच जातीची आहे. अशा वृंदांचा इतिहास लिहिणाऱ्याने कोणती सिंफनी किती सफाईने वाजली याची नोंद जरूर करावी. पण त्याआधी त्या संध्याकाळी मांडलेल्या खुर्च्या मोजाव्यात, त्यांवर कोण बसले होते ते पाहावे, आणि दाराबाहेर कोण उभे होते याचीही चौकशी करावी.